छातीवर मगर, पायात शार्क

भाचा मला घ्यायला जे कपडे घालून आला होता, ते बघून पुण्यात त्याच्या आजीने त्याला दारातूनच मागे पाठवलं असतं. काळी ट्रॅकपँट, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं त्याच कापडाचं जॅकेट, छातीवर तिरकी अडकवलेली वीतभर पिशवी आणि पायात पांढरेशुभ्र बूट. आमच्याकडे ट्रॅकपँट पर्वती चढायला घालतात, नाहीतर रविवारी घरात लोळायला. "अरे, मावशी येणार म्हणून निदान इस्त्रीचे कपडे तरी घालायचेस," मी म्हटलं. "मावशी, इस्त्री आहे याला," तो म्हणाला. वाकून पाहिलं, तर खरंच होती.

तो सँ-दनीच्या विद्यापीठात शिकतो. सँ-दनी पॅरिसला खेटून आहे, पण पॅरिस नाही. मधून पेरिफेरिक नावाचा गोल हमरस्ता जातो. ३५ किलोमीटरचा हा रस्ता १९७३ साली पुरा झाला, आणि त्याच्या आत राहणारा पॅरिसकर, बाहेर राहणारा 'बाँल्यू'तला, असा हिशेब कायमचा ठरून गेला. मुंबईकराला उपनगर या शब्दाचं काही वाटत नाही. जुहू उपनगरात आहे, वांद्रंही उपनगरातच. इथे मात्र 'बाँल्यू' म्हटलं की टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: सिमेंटच्या उंच इमारती, जिन्याशी घोळका करून उभी असलेली पोरं, आणि त्या पोरांच्या डोक्यावर ओढलेली टोपडी. वर्सायही तसं पाहिलं तर पॅरिसच्या वेशीबाहेरच आहे, पण त्याला कोणी बाँल्यूतलं म्हणत नाही.

ही पोरं पाहायची तर सुरुवात शातले-ले-आलपासून करावी. पॅरिसच्या पोटात खोल खणलेलं हे स्टेशन, वर मोठा बाजार, आणि उपनगरांतून येणाऱ्या गाड्या इथे एकमेकींना भेटतात. सुट्टीच्या दुपारी चारी दिशांची पोरं इथे उतरतात. खरेदी थोडी आणि फिरणं फार. आपल्याकडे एफसी रोडवर जे चालतं तेच. फरक एवढाच की एफसी रोडवर मुलं मोठ्याने हसतात. इथे हसण्यापेक्षा उभं राहण्याला महत्त्व. पाठ भिंतीला, हात खिशात, हनुवटी किंचित वर. भेटले की हातात हात, आणि मग तोच हात आपल्या छातीवर. हे मला फार आवडलं. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या आजोबांची ही रीत नातवांनी उचलली, आणि आता ज्यांचे आजोबा फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात शेती करत होते तेही छातीवर हात नेतात.

सँ-दनीच्या गाडीत समोर एक मुलगा बसला होता. सोळा-सतरा वर्षांचा, चेहरा असा की मी पिशवी मांडीवर घट्ट धरावी. त्याने खिशातून तान्ह्या बाळाला पुसायच्या ओल्या रुमालांचं पाकीट काढलं. डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला आणि बूट पुसायला लागला. आधी पुढची रबराची कड, मग जाळीवरच्या प्लॅस्टिकच्या नागमोडी पट्ट्या एकेक करून, मग रुमाल बोटाला गुंडाळून नाडीच्या भोकांभोवती. दुसरा रुमाल काढला, दुसरा पाय. मळलेले रुमाल घडी करून परत खिशात गेले, गाडीत टाकले नाहीत. भाच्याने कानात सांगितलं की हे नायकीचे १९९८ साली आलेले बूट आहेत, इथली पोरं त्यांना शार्क म्हणतात आणि जोडी दोनशे युरोच्या आसपास पडते. त्या मुलाच्या आईला एवढे पैसे कमवायला किती दिवस कचेऱ्या झाडाव्या लागत असतील, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच. पण तो बूट त्याने ज्या निगुतीने पुसला, तसा आपल्याकडे कोणी देवही पुसत नाही.

सँ-दनीला उतरलं की पहिला वास येतो कणसांचा. सुपरमार्केटची ढकलगाडी, तिच्यात कोळशाची शेगडी, वर कणसं. विकणारे बहुतेक आपल्याच उपखंडातले. मला पाहून एकाने सरळ हिंदीत भाव सांगितला. लिंबू-तिखट नव्हतं, त्यामुळे कणीस निव्वळ कणीस लागलं. मंडईत पुदिन्याचे ढीग, खारवलेली लिंबं, ऑलिव्हचे टोप, वाळवलेले मासे, आणि एका कोपऱ्यात तव्यावर मसेमेन भाजणारी अल्जीरियन बाई. मसेमेन म्हणजे चौकोनी घडीची पोळीच, फक्त तेल सढळ आणि वरून मध. दोन खाल्ल्या.

मंडईपासून चार पावलांवर सँ-दनीचं मोठं चर्च आहे. फ्रान्सचे जवळजवळ सगळे राजे इथे पुरले आहेत. पर्यटक राणी मारी आंत्वानेतसाठी येतात. मी राजांचे पाय बघत फिरले. थडग्यांवर संगमरवरात कोरलेले राजे उताणे झोपले आहेत, प्रत्येकाच्या केसांची वळणं ठरवून काढलेली, वस्त्रांच्या चुण्या जागच्या जागी, आणि पायांशी बहुधा सिंह. राण्यांच्या पायांशी कुत्रा. पुरुषाने आपल्या शरीराजवळ एखादं हिंस्र जनावर बाळगावं म्हणजे लोक जरा लांबून बघतात, ही अक्कल तेव्हाही होती. बाहेर चौकात आले तर तीच गोष्ट पुढे चालू होती: छातीवर लाकॉस्तची मगर, पायात शार्क. सँ-दनीच्याच आसपास वाढलेल्या मालीच्या एका बॉक्सर मुलाने, मालामीन कोनेने, १९९९ मध्ये स्वतःचा खेळाच्या कपड्यांचा धंदा काढला, एअरनेस. त्याचं चिन्ह काळा बिबट्या.

मगरीची कथा सांगण्यासारखी आहे. रने लाकॉस्त हा टेनिसपटू, 'मगर' हे त्याचं टोपणनाव, आणि १९३३ साली त्याने कंपनी काढली ती सुखवस्तू लोकांच्या टेनिसच्या सदऱ्यांसाठी. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी व्हिलिए-ल-बेल या उत्तरेकडच्या उपनगरातला 'आर्सेनिक' हा रॅप गट डोक्यापासून पायापर्यंत मगरीत दिसू लागला आणि त्यांच्यामागून उपनगरंच्या उपनगरं. कंपनीला हे गिऱ्हाईक तेव्हा रुचलं नव्हतं, असं इथे सर्रास सांगतात. मुलांना ते आवडलं त्याचं कारण उघड आहे. जे कपडे 'त्या' लोकांचे, तेच घालायचे, पण त्यांच्यासारखे नाही. सदरा विजारीत खोचायचा नाही, विजार मोज्यात खोचायची. वीस वर्षांनी त्याच कंपनीने एका रॅपरला जाहिरातीत उभं केलं. पोरांनी मगर फुकट मिरवली, पैसे नंतर झाले.

आणि या पोरांचा आवाज घरोघर गेला तो कुणामुळे? सरकारमुळे. रेडिओवर अमेरिकन गाण्यांचा पूर आला म्हणून फ्रान्सने १९९४ मध्ये कायदा केला की वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी किमान ४० टक्के फ्रेंच भाषेतली हवीत. १९९६ पासून तो लागू झाला. स्टेशनांना तरुणांना चालतील अशी फ्रेंच गाणी लागली, आणि ती तयार होती कुणाकडे, तर सँ-दनीच्या 'सुप्रीम एनटीएम'सारख्यांकडे. स्कायरॉक हे स्टेशन तर रॅपचं माहेरघरच झालं. मोल्येरची भाषा वाचवायला निघालेल्या मंत्र्यांनी माइक नेमका ज्यांच्या हातात द्यायचा नव्हता त्यांच्या हातात दिला.

भाच्याला केस कापायचे होते. "पंधरा दिवस झाले," तो अशा सुरात म्हणाला की जणू औषध संपलं आहे. केशकर्तनालय तुडुंब. बायका इथे सहसा येत नाहीत, त्यामुळे क्षणभर शांतता झाली, मग कोणीतरी उठून खुर्ची दिली आणि कोणीतरी पुदिन्याचा चहा. चहाचा पेला एवढासा, साखर एवढी की दात शिवशिवले. भिंतीवर नटांचे फोटो नाहीत. गिऱ्हाईक आपल्या फोनवर एखाद्या फुटबॉलपटूचा फोटो काढून धरतं, न्हावी तो बघतो, मान हलवतो.

मी जवळजवळ तासभर एका मुलाचं डोकं पाहत बसले. कानामागे मशीन कातडीला टेकलेलं, तिथे केस शून्य. बोटभर वर गेलं की सावलीइतके, आणखी वर दाट. या चढणीत कुठेही पायरी दिसता कामा नये, हीच सगळी कला. न्हावी मशीनवरचा कंगवा बदलायचा, दोन पावलं मागे जायचा, डोळे बारीक करायचा, पुन्हा पुढे यायचा. शेवटी उघडा वस्तरा घेऊन कपाळाची रेघ. मुलाने डोळे मिटलेले, हनुवटी न्हाव्याच्या दोन बोटांत, ओठ किंचित उघडे. रस्त्यावर हाच मुलगा कोणी नजर रोखली तर अंगावर जाईल. इथे मात्र तो दुसऱ्या पुरुषाच्या हातात डोकं देऊन निर्धास्त बसला होता. आपल्याकडे सलूनमध्ये चंपीच्या वेळी पुरुषांचे चेहरे असेच होतात, पण तेव्हा ते चाळिशीचे असतात आणि बायकोने पाठवलेले असतात. सतरा वर्षांच्या मुलांनी रांग लावून स्वतःला असं कोणाच्या स्वाधीन केलेलं मी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी भाच्याच्या वर्गातली एक मुलगी आमच्याबरोबर 'ग्रेक' खायला आली. ग्रेक म्हणजे कबाबाचं सँडविच, मांस तुर्की पद्धतीचं, बटाट्याचे काप पावाच्या आतच कोंबलेले, आणि पांढरा, अल्जीरियन की सामुराई सॉस हे ओरडून सांगायचं. ती जवळच्याच वस्तीत वाढलेली. मी तिला विचारलं, ही मुलं एवढी नटतात, मुलींना आवडतं का? ती खो खो हसली. म्हणाली, "ते आमच्यासाठी कुठे नटतात? ते एकमेकांसाठी नटतात." मग जरा थांबून म्हणाली की तिने असले बूट घातले तर 'मुलगा झालीस का' म्हणतात आणि झगा घातला तर आणखी काही म्हणतात, म्हणून ती ठरावीक गल्ल्यांतून भरभर चालते. हेही लिहायला हवं. इथल्या रॅपमध्ये आईवर जीव ओवाळून टाकतात आणि पुढच्याच कडव्यात बाकीच्या बायकांबद्दल जे बोलतात, ते भाच्याने मला भाषांतर करून सांगायला नकार दिला. गरिबी, वर्णद्वेष ही सगळी कारणं मला मान्य आहेत, तरी ही गोष्ट मला त्यात बसवता येत नाही.

दुसरीकडे, नवी मुलं ज्यांच्यामागे वेडी आहेत ते पीएनएल हे दोघे भाऊ. कॉर्बे-एसॉन्नच्या तार्तेरे वस्तीतले. लांब केस, गाण्यांत मर्दुमकीपेक्षा उदासी जास्त. मुलाखत देत नाहीत, टीव्हीवर जात नाहीत. २०१९ मध्ये त्यांनी एका गाण्याचं चित्रीकरण थेट आयफेल टॉवरवर केलं. ज्यांना शहरात शिरताना हटकतात त्यांनी शहराच्या टोकावरच उभं राहून दाखवलं, आणि पत्रकारांना एक शब्दही न सांगता. मला हा डाव फार हुशारीचा वाटतो.

हटकण्याचं मी प्रत्यक्षही पाहिलं. गाडी बदलायच्या एका स्टेशनावर चार पोलीस उभे होते. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. त्यांनी दोन मुलांना बाजूला घेतलं. मुलांनी न विचारता ओळखपत्रं काढली, भिंतीकडे तोंड केलं, हात वर. कोणी ओरडलं नाही, सगळ्यांना पाठ असलेली कवायत होती. तपासणी झाल्यावर एक मुलगा लगेच वाकला. बुटावर घासून काळा डाग पडला होता, तो अंगठ्याने पुसत राहिला. फ्रान्समधल्या नागरी हक्कांच्या सरकारी रक्षकाने २०१७ साली पाहणी प्रसिद्ध केली होती. कृष्णवर्णीय किंवा अरब दिसणाऱ्या तरुण पुरुषांपैकी ८० टक्क्यांनी सांगितलं की पाच वर्षांत आपल्याला पोलिसांनी ओळखपत्रासाठी अडवलं. बाकीच्यांत हे प्रमाण १६ टक्के. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही काही प्रकरणांत राज्यसंस्थेला दोषी धरलं होतं. "मला पण थांबवतात," भाचा म्हणाला, "पण मी इंग्रजीत बोललो की त्यांचा आवाज बदलतो." म्हणजे कपडे तेच, रंग जवळपास तोच, फक्त परका असल्याचा फायदा. तिथेच जन्मलेल्याला तो कुठून मिळणार?

बाँदीला आम्ही केवळ एम्बापेसाठी थांबलो. फुटबॉलपटू किलियन एम्बापे या गावचा. अख्ख्या इमारतीच्या भिंतीएवढं त्याचं चित्र इथे रंगवलेलं आहे. मला आपले फ्लेक्स आठवल्याशिवाय कसे राहतील? पण आपल्या फ्लेक्सवरच्या भाऊंनी केलेलं काय असतं, तर वाढदिवस. पांढरा कडक शर्ट, गॉगल, सोनं, आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची झालर. इथल्या पोरांच्या पाठीवर '९३' असतं, सेन-सँ-दनी जिल्ह्याचा क्रमांक, फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत गरीब जिल्हा. आपल्याकडे बुलेटच्या मडगार्डवर 'एमएच-१२' असतं. नाव कोणी घेत नाही तेव्हा माणूस नंबर मिरवतो, असं मी म्हणणार होते, पण आमच्या पुणेकरांचं नाव कोणी घेत नाही असं काही नाही. तो निव्वळ माज.

बाँदीकडून ट्रामने क्लिशी-सू-ब्वा. पॅरिसपासून जेमतेम पंधरा किलोमीटर, पण ही ट्राम गावात पोचायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. तोवर रुळांवरचं कोणतंच वाहन गावात येत नव्हतं. हेच ते गाव, जिथे २७ ऑक्टोबर २००५ ला झिएद बेना हा १७ वर्षांचा आणि बूना त्राओरे हा १५ वर्षांचा मुलगा पोलिसांना चुकवायला विजेच्या उपकेंद्रात शिरले आणि शॉक लागून गेले. फुटबॉल खेळून घरी निघाले होते. त्यानंतर तीन आठवडे देशभर गाड्या जळत होत्या, सरकारने आणीबाणी जाहीर केली. त्यांचं छोटं स्मारक ज्या शाळेसमोर आहे तिला रोबेर द्वानो या छायाचित्रकाराचं नाव आहे. चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा त्याचा फोटो जगभर भिंतींवर लागतो. पण त्याच माणसाने १९४९ मध्ये पॅरिसच्या उपनगरांचं अख्खं पुस्तक काढलं होतं, ते किती जणांना माहीत आहे?

२००५ च्या त्या आठवड्यांत जगभरचे कॅमेरे इथे आले, आणि प्रत्येकाला एकच फोटो हवा होता. ही तक्रार त्याहून जुनी. मात्यू कासोवित्झच्या १९९५ च्या 'ला एन' या कृष्णधवल चित्रपटात एक प्रसंग आहे. टीव्हीचे लोक गाडीतून न उतरताच तिघा मुलांना दंगलीबद्दल विचारतात आणि मुलं भडकतात: आम्ही काय गाडीत बसून बघायची जनावरं आहोत? छातीवर मगर आणि पायात शार्क घालून फिरणाऱ्यांना जनावर म्हणवून घ्यायचं नसतं, यात मला विसंगती दिसत नाही. स्वतः पांघरलेलं कातडं वेगळं, दुसऱ्याने बांधलेला पिंजरा वेगळा.

पुढे चढणीवर माँफेर्मेय. व्हिक्टर ह्यूगोची कोझेत याच गावात अंधारात पाणी आणायला जाते, म्हणून इथे वाढलेल्या लाज ली या दिग्दर्शकाने आपल्या २०१९ च्या चित्रपटाला ह्यूगोच्याच कादंबरीचं नाव दिलं, 'ले मिझेराब्ल'. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं. पण त्याच्या पंधरा वर्षं आधीचा लाज लीचा एक फोटो आहे, जेआर या कलावंताने काढलेला. ले बॉस्के वस्ती, मागे लहान पोरं, आणि पुढे हा धिप्पाड कृष्णवर्णीय तरुण हातात काळं काहीतरी रोखून उभा. बघणारा आधी बंदूक बघतो. मग लक्षात येतं, तो व्हिडिओ कॅमेरा आहे. दंगलीनंतर जेआर २८ मिलिमीटरची लेन्स घेऊन पुन्हा आला. त्या लेन्सने चेहरा टिपायचा तर समोरच्याच्या वीतभर जवळ जावं लागतं. त्याने मुलांना सांगितलं, टीव्हीवर तुम्ही जसे दिसता तशी तोंडं करा. पोरांनी डोळे वटारले, दात विचकले, गाल फुगवले. हे मोठमोठे फोटो त्याने नावानिशी पॅरिसच्या भिंतींवर चिकटवले. भीती वाटेल म्हणून काढलेली तोंडं इतकी मोठी केल्यावर लोकांना हसू यायला लागलं.

जेआरचंच २०१७ चं भित्तिचित्र क्लिशी आणि माँफेर्मेयच्या हद्दीवर उभं आहे. सातशेहून जास्त माणसं, सगळी इथलीच, प्रत्येकाचा फोटो वेगळा काढून एकत्र जोडलेला. इमाम, अग्निशामक, नगराध्यक्ष, नाचणाऱ्या मुली, दंगलीतले दगड मारणारे आणि पोलीसही. टोपडं घातलेली मुलं आहेत, पण एवढ्या माणसांत ती शोधावी लागतात. आम्ही बघत असताना खरीखुरी टोपडंवाली तीन मुलं आली आणि भिंतीवरच्या एका मुलावर बोट ठेवून हसत बसली. कुणाचा तरी थोरला भाऊ असावा.

पॅरिसला जाल तेव्हा आयफेल जरूर बघा, तो कुठे जात नाही. पण एक दिवस राखून पेरिफेरिकच्या पलीकडे जा. कणीस खा, राजांच्या पायांशी बसलेले सिंह बघा, घरातल्या पुरुषमंडळींचे केस तिथे कापून घ्या. भित्तिचित्राला तिकीट नाही. जिन्याशी खुर्च्या टाकून बसलेली पोरं दिसली तर तिथे फोन काढू नका, ती अमली पदार्थांच्या धंद्यावर असतात आणि तो धंदा गमतीचा नाही. चौकातल्या मुलांचा फोटो हवा असेल तर आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आधी बूट पुसतात, मग उभे राहतात. फोटो काढून झाला की त्यांना दाखवा, आणि त्यांना नाही आवडला तर त्यांच्यासमोरच पुसून टाका.